तसंही गातात कुणी

पेन्सिल कॅसेटच्या दातेरी भोकात घालून शिमोन हळूहळू फिरवत होता. बाहेर लोंबणारी तपकिरी टेप आत जात होती, मध्येच पिळा पडून अडत होती, आणि पिळा सोडवताना त्याच्या मनात आलं की टेपचा हा तुकडा चुरगळलाच आहे, तेव्हा त्यावरचं एखादं गाव गेलंही असेल... गेलं तर बरंच. निदान टेपवर खापर फोडता येईल.

कॅसेट सॅलीनं भरलेली, त्याच्या लेकीनं. शाळेत होती तेव्हापासून ती रेडिओसमोर बटणावर बोट ठेवून बसायची आणि ते एकच अमेरिकन गाणं – एका लांबलचक हमरस्त्याचं, गावांमागून गावं येतात, मग वाळवंट आणि शेवटी समुद्र – कुणीही गायलं की पकडायची. गाणाऱ्यांना कसला धरबंध? कुणी ते पियानोवर घोळवलं, कुणी गिटार बडवत ओरडलं, एका बाईनं तर चक्क अंगाईसारखं म्हटलं, आणि जो तो आपल्या सोयीनं एखादं गाव गाळायचा. गाळलेलं गाव आधी कोण पकडतं, हा बापलेकीचा खेळ. शिमोनची नजर जरा ढळली की सॅली ओरडायची, "डॅडी, मिस्ड वन!" आणि त्याची बायको मिल्का स्वयंपाकघरातून विचारायची की अमेरिकेत जाऊन टपाल वाटायचंय का तुम्हांला. मिल्का गेली. खेळ राहिला होता.

राहिला होता का? गेल्या महिन्यात दाढी करताना तो गुणगुणत होता आणि वाळवंटाच्या अलीकडचं गाव आलंच नाही. नाव नाही, पहिलं अक्षरही नाही. गालावरचा साबण वाळला तरी तो आरशापुढे उभाच. दुपारी बागेतल्या गुलाबाला पाणी घालताना ते आपसूक आलं, पण आधीची भीती काही गेली नाही.

कारण प्रश्न गाण्याचा नव्हताच. शनिवारी मशिदीत – लंडनमध्ये राहूनही ही बेने इस्राएल ज्यू माणसं आपल्या प्रार्थनास्थळाला मुंबईसारखं मशीदच म्हणतात – धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळीतून वाचायचं काम शिमोनचं. गुंडाळीवर नुसती अक्षरं; स्वरांच्या खुणा नाहीत, चालीच्या नाहीत, बाकी सगळं वाचणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून शेजारी छापील पुस्तक घेऊन त्याचा कारखान्यातला जुना सोबती हाईम उभा असतो. एक शब्द चुकला की त्यानं मोठ्यानं सांगायचं, वाचणाऱ्यानं मागं जाऊन पुन्हा वाचायचं. त्यात लाज कसली, रीतच ती. आणि हाईम सख्ख्या भावाचीही भीड ठेवणारा नव्हे.

गेल्या शनिवारी शिमोननं एक शब्द गाळला. जिभेवरून सुटतानाच त्याला कळलं. तो थांबला, हाईमची वाट बघत. हाईमचं बोट ओळीवर अडलं... आणि पुढं सरकलं. नंतर चहा पिताना हाईम हवेबद्दल बोलला, डॅगनमच्या मोटारकारखान्यातल्या जुन्या दिवसांबद्दल बोलला. शिमोनला वाटलं, माझ्या चुका काढणं बंद झालं तर मला कळणार कसं, मी कुठवर आलोय ते? येत्या शनिवारचा भाग तर पूर्वजांच्या वाळवंटातल्या मुक्कामांचा. इथून निघून तिथं उतरले, तिथून निघून पलीकडे – नुसती गावं, ओळीनं.

मुंबईत त्याचे वडीलही म्हातारपणी असेच विसरायला लागले होते. एकदा त्यांची प्रार्थनेची शाल पिठाच्या डब्यात सापडली. विचारलं तर म्हणाले, "मुद्दाम ठेवली. तुमचं लक्ष आहे का बघत होतो." सगळे हसले होते. तरणाबांड शिमोन सगळ्यात मोठ्यानं.

बाहेर हॉर्न वाजला. हाईमकडे सरावाला जायचं होतं. सॅली त्याला न्यायला मुद्दाम इल्फर्डच्या त्याच्या घरी आली होती.

"बेल्ट लावला? आणि ती कॅसेट आणली ना?"

त्यानं ती लावली. नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. अलीकडे दोनदा अशाच प्रवासात गाताना त्याचं गाव चुकलं होतं, आणि ओरडायची सोडून सॅली म्हणाली होती, "तसंही गातात कुणी, डॅडी." इतक्या जणांनी गायलेलं गाणं, कुणीतरी तसं गायलंही असेल. की नसेल? हेच तर त्याला खात होतं. मग त्यानं ठरवलं: सोक्षमोक्ष लावू. अमेरिकेच्या हमरस्त्यावर कुणीच गाणार नाही असं गाव घालायचं. आजोबांचं रेवदंडा. सॅली हसून ओरडली तर जग जागेवर आहे.

टेपवर गिटारवाला आला. शिमोन त्याच्याबरोबर गाऊ लागला, आणि वाळवंटाच्या अलीकडे, तालात, अगदी स्वच्छ म्हणाला – रेवदंडा.

सॅलीचा गिअरवरचा हात उचलला गेला आणि दोन्ही हातांनी तिनं स्टिअरिंग धरलं. खालचा ओठ दातांखाली गेला. मिल्काच्या हॉस्पिटलमधल्या कॉटशेजारी ती अशीच बसायची.

"तसंही..." ती म्हणाली. मग समोर बघत, "तसंही गातात कुणी."

सॅली, अगं मी मुद्दाम... वाक्य घशापर्यंत आलं, आख्खं, आणि आलं ते वडिलांच्या आवाजात. तुमचं लक्ष आहे का बघत होतो. शिमोननं ते गिळलं. कोण विश्वास ठेवणार? त्यानं स्वतः तरी ठेवला होता का तेव्हा? आणि खरंच मुद्दाम का? आधी ठरवलं होतं, की तोंडून गेल्यावर ठरवलं असं वाटतंय... पेन्सिल फिरवताना त्याच्या डोक्यात रेवदंडा होतं का? आठवेना.

लेक घाबरली होती. त्याच्याहून जास्त घाबरली होती, आणि कधीपासून, देव जाणे. एवढे दिवस तो आपली भीती एकट्याची म्हणून जपत होता, आणि इकडे ती पोर चालवते आहे गाडी, ओठ चावत. त्याला तिची फार कणव आली.

पुढची आवृत्ती सुरू झाली. हिच्यात गाणारा नव्हताच, नुसता सॅक्सोफोन. शिमोननं घसा साफ केला आणि पहिल्या गावापासून गायला लागला, तिच्यासाठी, मोठ्यानं. दुसरं बरोबर आलं. तिसरं आलं. चौथ्याला सॅलीनं हलकेच सूर मिसळला, तिचे खांदे जरा उतरले, आणि रांगही थोडी पुढं सरकली. गावं येत होती, एकामागून एक, आपापल्या जागी.

मग वाळवंट जवळ आलं. सॅली गायची थांबली. ती वाट बघत होती, आणि तोही.