मधल्या दोन जागा

तोरुनने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि वॅफलची ताटली खुशाल बाजूला सारली. तेव्हाच मी ओळखलं की आता माझ्याबद्दलचा एखादा निर्णय माझ्या डोळ्यांदेखत दुसरंच कोणीतरी घेणार. ही माझी थोरली. ती घरात शिरली की घराचं हॉस्पिटल होतं.

"हे बघ आई, बिझनेस क्लास. एका ओळीत चारच खुर्च्या. दोन खिडक्यांना एकेक आणि मध्ये दोन जोडून. तुम्हाला मधली जोडी घेतलीय. मधला पडदा खाली करता येतो. तू झोपेत नुसता हात लांब केलास तरी बाबांना लागेल."

"कशाला लावू हात?"

"श्वास नीट चाललाय का, बघायला."

ज्याच्या श्वासाबद्दल हे चाललं होतं तो माग्ने, माझा नवरा, समोरच बसून वॅफलवर ब्राउन चीज किसत होता. "मी इथेच आहे," तो म्हणाला. तोरुनने त्याच्या हातातून चीज हळूच काढून घेतलं आणि डब्यात घालून झाकण लावलं. तो वॅफल कोरडंच खायला लागला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो असाच मूग गिळून बसतो. तीस वर्षं फेरीबोटीचा कप्तान होता. वादळात शंभर गाड्या फियॉर्डच्या खोल खाडीपलीकडे नेऊन पोचवणाऱ्या माणसाच्या हातातून मुलगी चीज काढून घेते, आणि तो देतो.

आम्ही निघालो होतो सिएटलला. धाकटा त्रिग्वे तिकडे असतो, त्याला मुलगी झाली होती. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसायचं नाही, आडवं होता आलं पाहिजे. म्हणून हा बिझनेस क्लास. गावात आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कोणी जरा ऐट केली की लोक बोलत नाहीत, नुसत्या भुवया वर करतात, आणि त्या भुवया पुढची दहा वर्षं खाली येत नाहीत.

"मला खिडकी हवी," मी म्हणाले.

"खिडकीला एकच खुर्ची असते, आई. एकटीच बसशील."

"तेच म्हणतेय मी."

तोरुनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी माग्नेला बंदरावर सोडून एकटी बोटीत चढतेय. "लोक काय म्हणतील? इतके पैसे खर्च करून नवराबायको वेगळे बसले? भांडलात असं वाटेल."

"तुझ्या पलंगावर दुलया किती?"

"दोन. त्याचा काय संबंध?"

"योस्टाइन आणि तू भांडलायत?" मी जावयालाही मध्ये ओढलं.

तिने लॅपटॉपकडे बघत नाक उडवलं. "त्या एका पलंगावर असतात, आई."

"आणि आम्ही एका विमानात असू."

मी चिडले होते आणि चिडल्याचं मला मुळीच वाईट वाटत नव्हतं. मी आयुष्यभर नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवलं. पाण्यात डोकी किती, वर किती, खाली किती, डोळ्यांत तेल घालून हेच बघत राहिले. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत माग्नेचं हृदय बिघडलं. मग एकाच डोक्यावर नजर ठेवायची नोकरी लागली, आणि तिला सुट्टी नाही. तो जिना चढला की मी पावलं ऐकते. तो न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिला की दारावर टकटक करते. आता मला काही तास असं काहीतरी बघायचं होतं, जे बुडणार नाही. हे मी तोरुनला सांगितलंसुद्धा.

"स्वार्थीपणा आहे हा," ती म्हणाली.

"असू दे. या वयात एखादा तरी परवडला पाहिजे."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. चौथ्या ओळीतली खिडकी माझ्या नावावर घेतली. तोरुनचा चेहरा पाहून जरा नमतं घेतलं, आणि माग्नेला त्याच ओळीतली मधली खुर्ची दिली, मधल्या वाटेच्या अगदी पलीकडची. मान वळवली की तो दिसणार. सगळ्यांचं समाधान झालं, असं मला वाटलं. माग्ने उठला, जाकीट घातलं आणि बोटघराकडे निघून गेला. जाताना त्याने दार नेहमीपेक्षा जोरात लावलं.

"बघ, दुखावलंस त्यांना," तोरुन म्हणाली. मलाही तसंच वाटलं. शेजारी बसत नाही म्हणून रागावला असेल. रागावू दे, म्हटलं, आणि उरलेली दोन्ही वॅफल मीच खाल्ली.

बर्गनच्या विमानतळावर तोरुन सोडायला आली. बीपीचं मशीन, गोळ्यांचा डबा, डॉक्टरांचं पत्र, सगळं एका पिशवीत भरून तिने ती माझ्या खांद्याला अडकवली. "दर दोन तासांनी बीपी घे आणि मला कळव. विमानात इंटरनेट आहे." बापाला तिने मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावरून मलाच बजावलं, "वाईन देऊ नकोस त्यांना." माग्ने छताकडे बघत उभा राहिला.

कोपनहेगनला मोठं विमान. माझी खुर्ची बघून मी हरखले. खुर्ची कसली, खोलीच ती. दोन खिडक्या माझ्या एकटीच्या, पाय पसरायला जागा, वर शेजारी कोणी नाही. पलीकडे माग्ने आपल्या जागी बसला. त्याला खिडकी नव्हती. त्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला, जोडीच्या खुर्चीवर, एक तरुण डॅनिश मुलगी. हातात नवी अंगठी, डोळे पाण्याने भरलेले.

"माफ करा," ती माग्नेला म्हणाली, "आमचं परवाच लग्न झालंय. जागा घ्यायला उशीर झाला, तर माझा नवरा पार शेवटच्या ओळीत, खिडकीला एकटाच बसलाय. तुम्हाला चालणार असेल तर..."

"खिडकीला?" माग्ने म्हणाला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो उभा होता. ऑपरेशननंतर इतक्या चपळाईने उठताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

"नाही!" मी ओरडले. तलावावरचा माझा आवाज अजून शाबूत आहे. आजूबाजूच्या चार-सहा जणांनी आपापल्या वाईनच्या ग्लासातून माना वर केल्या. हवाई सुंदरी धावत आली. पन्नाशीची, चष्मा लावलेली, शांत बाई होती.

"काय झालं? तुम्ही दोघं एकत्र आहात का?"

"चव्वेचाळीस वर्षं," मी म्हणाले. "तो इतक्या लांब बसू शकत नाही. त्याला हृदयाचा त्रास आहे."

"मग तुम्ही एकत्र का नाही बसलात?" तिने अगदी साधेपणाने विचारलं.

"कारण मला खिडकी हवी होती!"

"मलाही," माग्ने म्हणाला.

हे तो इतक्या हळू बोलला की सगळ्यांना ऐकू आलं. मग तो माझ्याकडे वळला. "त्या दिवशी टेबलावर तू तुला खिडकी घेतलीस, आणि मला घेतलंस तुला दिसेल अशा जागी. मला कोणी विचारलं का, गुद्रुन? तीस वर्षं माझ्या चारही बाजूंना काच होती. आता मला मध्ये बसवता, दोन बायकांच्या पहाऱ्यात."

"पण तुझ्या गोळ्या..."

त्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीत हात घातला, गोळ्यांचा डबा काढून घेतला, मशीन तसंच राहू दिलं. "मला वाचता येतं डब्यावरचं," तो म्हणाला, आणि मोजे घातलेल्या पायांनी, बूट हातात घेऊन, मागे चालता झाला. नवरीच्या नवऱ्याने येऊन त्याची जागा घेतली आणि दोघांनी मधला पडदा लगेच खाली केला. मला माझा विजय मिळाला होता. खिडकी माझी, वेळ माझा, कोणावरही नजर ठेवायची नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

जेवण आलं. मासा उत्तम होता, पण मी तो चवीने खाल्ला नाही. मागे त्याला काय दिलं असेल? मीठ किती असेल? खाली ग्रीनलँड सुरू झालं. इतका बर्फ की डोळे आपोआप बारीक व्हावेत, आणि त्यात मधूनमधून निळ्या पाण्याची डबकी. मी दोन मिनिटं बघायचे आणि मान मागे वळवायचे. मागे नुसत्या भिंती आणि पडदे. शेवटी राहवलं नाही. पिशवी उचलली आणि निघाले.

माग्ने शेवटच्या ओळीत काचेला कपाळ टेकवून बसला होता. पुढ्यात चीज होतं आणि लाल वाईन होती. पाय समोरच्या छोट्या बाकावर टाकलेले. मी आधी त्याचे ओठ पाहिले, निळे पडलेत का. मग घोटे पाहिले, सुजलेत का. मग वाईन किती उरलीय ते पाहिलं.

त्याने मान न वळवता विचारलं, "बघायला आलीस की भेटायला?"

मी खोटं बोलत नाही. "बघायला," मी म्हणाले.

"झालं बघून?"

"झालं."

"मग जा."

मी गेले. माझ्या नवऱ्याने मला विमानातल्या विमानात घालवून दिलं होतं. इतका राग मला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातही आला नव्हता, जेव्हा त्याने मला न विचारता माझ्या आईला तीन महिने राहायला बोलावलं होतं. मी जागेवर येऊन धपकन बसले. मीच खस्ता खायच्या, रात्रीची झोप मीच घालवायची, आणि वर हे ऐकून घ्यायचं? वाईन पी, चीज खा, मर तिकडे, असं मी मनात म्हणाले. मनात म्हटलं तरी जीभ चावली.

राग ओसरायला बराच बर्फ जावा लागला. मग एक गोष्ट मला टोचायला लागली आणि काही केल्या जाईना. घरी आम्ही चोवीस तास समोरासमोर असतो. पण दोन वर्षांत मी त्याला भेटायला गेलेच नव्हते. बोटघरात तो जाळी विणतो, मी दार उघडते, तो श्वास घेतोय हे बघते आणि दार लावून घेते. त्याने विणलेलं जाळं कसं झालंय, हे मला माहीत नाही. तो तिथे दिवसभर कसला विचार करतो, हेही माहीत नाही. त्याच्या नाडीचे आकडे मात्र तोंडपाठ आहेत. मला रडू आलं आणि ते मी येऊ दिलं. एकट्या खुर्चीचा हा फायदा तोरुनला कोणी सांगितला नसेल.

फोन वाजला. तोरुनचाच मेसेज. "बाबा ठीक? बीपी किती? जवळच आहेस ना?"

मी लिहिलं, "बीपी माहीत नाही. तो लांब बसलाय, त्याला आवडतं म्हणून. आता मला पुन्हा विचारू नकोस." एका सेकंदात पुन्हा वाजला. मी फोन बंद करून पिशवीत मशीनच्या शेजारी टाकला आणि पिशवी खुर्चीखाली सारली. टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुतलं, केस विंचरले, कोणाकडे जाताना लावते तशी थोडी लिपस्टिक लावली. आणि मोकळ्या हातांनी पुन्हा मागे गेले.

"भेटायला आले," मी म्हणाले.

माग्नेने या वेळी मान वळवली. आधी माझे हात पाहिले, मग खांदा. पिशवी नव्हती. त्याने बाकावरचे पाय खाली घेतले. त्या बाकावर पाहुण्याने टेकायचं असतं हे मला तेव्हाच समजलं.

"तुझ्या बाजूने काय दिसलं?" त्याने विचारलं.

दोन वर्षं मीच विचारत आले होते, दुखतंय का, दम लागतोय का, गोळी घेतली का. त्याने मला काही विचारावं, एवढी फटच मी ठेवली नव्हती. मी आधी त्याच्या ग्लासातला एक घोट घेतला.

तेवढ्यात ती चष्मेवाली बाई आली. आम्हाला गुडघ्याला गुडघा लावून बसलेलं पाहून तिचा चेहरा उजळला. "सांगू का त्या जोडप्याला? झाला त्यांचा बराच वेळ. मधल्या दोन्ही जागा तुम्ही घ्या, एकत्र बसता येईल."

"नको," मी म्हणाले.

"नको," माग्नेही म्हणाला, माझ्याबरोबरच, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने. "ही परत जाणार आहे तिच्या खिडकीला. सध्या ती पाहुणी आहे. तिला एक ग्लास आणा."

ती गेली, आणि मी त्याला निळ्या डबक्यांचं सांगायला लागले.