तीन इंच कमी

हे झालं एकोणीसशे एकाहत्तर साली. साल पक्कं लक्षात राहायचं कारण असं, की त्याच वर्षी घरमालकाने खोलीचं भाडं दीडपट केलं आणि त्याच वर्षी मास्तरीणबाईंच्या हातून पहिली चूक झाली. पहिलीच, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं.

मास्तरीणबाई शिकवत नसत, शिवत असत. शिवणाऱ्या पुरुषाला लोक मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरीण. ऐन शहरात, चौथ्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. खोली कसली, एक टेबल होतं आणि टेबलाभोवती उरलेली जागा होती. कापड बेतायचं सागवानी टेबल, सहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद, खाली फळ्या ठोकून कप्पे केलेले. ज्या मावशींकडे त्या शिवण शिकल्या, त्यांनी जाताना हे टेबल त्यांच्या स्वाधीन केलं होतं. दिवसा त्यावर कापड पसरे, रात्री नवरा. सासूबाई खाटेवर, आणि खाट व टेबल यांच्यामधल्या पट्टीत मास्तरीणबाई. कूस बदलायची तर आधी बेत आखावा लागे.

पण रुबाब असा, की विचारू नका. "आम्ही अगदी मध्यात राहतो हो," त्या सांगत. "नाट्यगृह दोन पावलांवर." त्या नाट्यगृहात त्या अकरा वर्षांत एकदाच गेल्या होत्या, तेही पडद्याचं माप घ्यायला.

नवरा एका कचेरीत लिफ्ट चालवायचा. राहत्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे चौदा महिने, त्या खाली उतरल्या नव्हत्या. खिडकीत बसून रस्ता बघायच्या. "हल्ली मी माणसं टकलावरून ओळखते," म्हणायच्या. "चेहरे विसरले."

भाडं वाढल्याची चिठ्ठी आली त्या दिवशी नवऱ्याने विषय काढला. "उपनगरात एक घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. तळमजला. भाडं इथल्या जुन्या भाड्याएवढंच."

"उपनगर!" मास्तरीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तिथे मला शिवायला कोण देणार? कुंपणाच्या तारा?"

"मी दिवसभर वरखाली करतो गं. घरी तरी जमिनीवर राहू दे."

"आणि माझी गिऱ्हाइकं?"

"मला काही नको," खिडकीतून सासूबाई म्हणाल्या. "एकदा कुणाचं तरी नाक बघायला मिळालं तरी पुरे."

मास्तरीणबाईंनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. पण भीती खरी होती. एकोणिसाव्या वर्षापासून त्या कोण होत्या, तर ज्यांच्या हातचा कोट खांद्यावर चपखल बसतो त्या. शिवायला कुणी दिलं नाही, तर त्या कोण उरणार होत्या?

त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना विचारून घेतलं. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तर त्यांचा हातच धरला. "मास्तरीणबाई, तुम्ही कुठेही जा. माझा कोट दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार नाही." बाकीच्याही असंच गोड बोलल्या. कापडात कधी न फसलेली बाई बोलण्यात फसली. नवऱ्याशी ठरलं ते असं: जुन्या खोलीची किल्ली महिनाअखेरपर्यंत आपल्याकडेच ठेवायची. तोवर तिकडे शिवणाचं काम मिळालं नाही, तर निमूट परत यायचं.

एका रविवारी दोघं घर बघायला गेली. बसने दीड तास. मास्तरीणबाईंनी उतरल्या क्षणापासून नावं ठेवायला सुरुवात केली. रस्त्याला वळणच नाही. दुकानात बटणं दोनच रंगांची. नळ अंगणात, म्हणजे शेजारीण आपली प्रत्येक बादली मोजणार. अशी नावं ठेवता ठेवताच त्यांनी पिशवीतून टेप काढली आणि दाराचं माप घेतलं.

आता ही टेप. मावशींचीच, जुनी. तिचं टोक झिजून चिंध्या झाल्या होत्या, म्हणून मास्तरीणबाईंनी पहिले तीन इंच कापून टाकले होते. ती सुरूच व्हायची तीनपासून. आलेल्या आकड्यातून त्या मनातल्या मनात तीन वजा करत, झोपेतसुद्धा. नवी टेप घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "नव्या टेपेवर माझा हात बसत नाही."

"तेहतीस," त्या दारात म्हणाल्या. "टेबल बत्तीस. एक इंच राखून जाईल. पण हे छप्पर गंजक्या पत्र्याचं—"

 नवऱ्याने फक्त दार एकदा उघडलं, एकदा लावलं.

सामान हलवायच्या दिवशी सासूबाई खुर्चीसकट चार मजले खाली आल्या, टेबल मात्र नव्या घराच्या दारात अडकलं. निम्मंही आत नव्हे, फक्त कोपरा दाराच्या चौकटीला टेकून उभं. उचलणाऱ्यांनी आडवं केलं, उभं केलं. खालच्या कप्प्यांमुळे कुठूनच आत जाईना. खिडक्यांना गज. शेजारीपाजारी जमले आणि प्रत्येकाने फुकटचा सल्ला दिला. मास्तरीणबाईंनी हट्टाने पुन्हा टेप लावली. तेहतीस! मग त्यांची नजर टेपच्या कापलेल्या टोकावर गेली आणि कानशिलं तापली. बाईसाहेब घराचे दोष मोजण्यात इतक्या रंगल्या होत्या, की तीन वजा करायचं राहून गेलं होतं. दार तीस इंचांचं होतं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"लाकूड फुगलंय," त्या ठसक्यात म्हणाल्या. "इथली हवाच दमट."

"असेल. माझ्या लिफ्टमध्ये न मावणारी माणसंही लिफ्ट आटली म्हणतात."

"करवत आणू का?" उचलणाऱ्यांपैकी एकाने विचारलं.

"आधी मला कापा, मग टेबल!"

शेवटी टेबल व्हरांड्यातच राहिलं, पत्र्याखाली, बसथांब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मास्तरीणबाई लाजेने रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहत आणि कापायला काही नव्हतं म्हणून जुन्या चादरी कापत. उशांचे इतके अभ्रे झाले, की घरात उशा कमी पडल्या. शहरातून पंधरा दिवसांत कुणी आलं नाही.

सोळाव्या दिवशी त्याच बसने दीड तास धक्के खाऊन त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंच्या अंगावर नवा कोट होता. डावा खांदा उतरलेला.

"अहो, खालच्याच मजल्यावर एक मास्तर बसतो आता," डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या. "एवढ्या लांब कोण येणार, सांगा?"

"बरोबर आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. आणि काय करावं, तर निघताना त्यांनी तो उतरलेला खांदा दोन टाचण्या लावून नीट करून दिला. परतीच्या बसमध्ये त्यांना स्वतःचा इतका राग आला, की दोन थांबे पुढे जाऊन उतरल्या.

किल्ली द्यायला सहा दिवस उरले होते. सकाळच्या वेळी शेजारची नर्स बस पकडायला निघाली आणि व्हरांड्यापाशी थबकली. रोज जाता-येता तिने तो अभ्र्यांचा कारखाना पाहिला होता.

"मास्तरीणबाई, कडेला अशी दुहेरी शिवण मी कुठे पाहिली नाही. माझे खिसे नेहमी उसवतात हो. थर्मामीटर खाली पडतो. एक गणवेश शिवाल?"

मास्तरीणबाईंनी टेप काढली.  "एकोणचाळीस… म्हणजे छत्तीस."

"मधले तीन कुठे गेले?" नर्सने घाबरून खाली पाहिलं.

खोटं सुचेना. मास्तरीणबाईंनी टेपचं टोक दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. नर्स इतकी हसली, की बस गेली. मागे खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या हे दोघींच्याही ध्यानात नव्हतं.

"म्हणजे हवा दमट नव्हती तर!" सासूबाई म्हणाल्या.

"सासूबाई, ह्यांना सांगू नका हं."

"मी कशाला सांगू? मला फक्त रोज थांब्यापर्यंत फिरवून आण. हात धरून."

नर्सचा गणवेश झाला. तो पाहून तिच्या वॉर्डातल्या आणखी पाच जणी आल्या, मग शाळेतली एक शिक्षिका, मग कुणाकुणाचे पडदे. येणाऱ्या-जाणाऱ्याला काम डोळ्यांसमोर दिसत होतं; चौथ्या मजल्यावर ते कुणाला दिसलं असतं?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मास्तरीणबाई किल्ली द्यायला गेल्या. तिसऱ्या मजल्यावर दम लागून बसल्या. वर टेबल नसलेली ती खोली पाहून त्यांना आपण नेमक्या कुठे झोपायचो तेच आठवेना. घरमालक म्हणाला, "विचार करा, परत अशी जागा मिळायची नाही." "खरंय," त्या म्हणाल्या, "एवढी लहान नाहीच मिळायची," आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मात्र जिन्यात थोडं रडून घेतलं. आम्ही मध्यात राहतो, हे आता सांगता येणार नव्हतं.

सासूबाई पुढे नऊ वर्षं जगल्या. रोज थांब्यावर जाऊन बसत, बसमध्ये कधी चढल्या नाहीत. माणसं नाकाडोळ्यांसकट बघून परत येत, आणि टेबलाची गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. नर्स पुढे मेट्रन झाली. तिच्या रुग्णालयाचे सगळे गणवेश याच टेबलावर बेतले गेले. डॉक्टरीणबाई चार वर्षांनी गाडी घेऊन आल्या. त्यांना पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. इतकं साधल्यावर मास्तरीणबाईंना आठवडाभर पोट भरल्यासारखं वाटत होतं. मग स्वतःचीच लाज वाटून कोट आधी शिवून दिला.

उपनगर आता उपनगर राहिलं नाही. शहर चालत चालत तिथवर आलं, भाडी चढली, आणि ऐंशी पार केलेल्या मास्तरीणबाई आल्यागेल्याला सांगतात, "आम्ही अगदी मध्यात राहतो हो."

नवरा निवृत्त झाला त्या दिवशी त्यांनी अखेर कबुली दिली, की टेबल फुगलं नव्हतं, माप चुकलं होतं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "माझ्या लिफ्टचं दार तीस इंचांचं. जन्मभर तेच उघडलं आणि लावलं. त्या रविवारीच हाताला कळलं होतं, हेही तेवढंच आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू आली असतीस?"

तो जाऊन आता बारा वर्षं झाली. टेबल अजून व्हरांड्यातच आहे. याच घरात जन्मलेल्या मुलाने मध्यंतरी दार मोठं करून घेतलं, चांगलं चाळीस इंच. मास्तरीणबाईंनी त्याच जुन्या टेपेने मोजून पाहिलं. त्रेचाळीस आले. टेबल काही त्यांनी आत घेऊ दिलं नाही.