मार्ताबाईंची ओटी

"नारळ तसाच नाही देता येणार. आधी फोडून बघू," बळवंतराव म्हणाले.

"ओटीचा नारळ फोडतात का कुणी? घरी जाऊन वहिनींना विचारा!" कुमुदने तबक मागे ओढलं.

करोल बागेतल्या तिच्या दोन खोल्यांत परदेशच्या अर्थमंत्री चहाला आल्या होत्या. गुप्तचर खात्यातर्फे पाळतीवर असलेल्या बळवंतरावांनी सकाळपासून लाडवांचे डबेसुद्धा उघडून पाहिले होते. पूर्व युरोपातल्या त्या कम्युनिस्ट देशात तिच्या नवऱ्याची, विलासची, वकिलातीत नोकरी होती, तेव्हा कुमुद तिथली भाषा शिकली. दिल्लीला परतल्यावर ती सरकारी दुभाषी झाली.

मार्ताबाईंची ही तिसरी भेट. ट्राममध्ये तिकिटं फाडणारी पोर अर्थमंत्री कशी झाली, हे पहिल्या भेटीत त्यांनी खदखदून हसत सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला सोबत नवा सचिव आला आणि हसणं आटलं. आता तर पाणी पितानाही त्या त्याच्याकडे बघत. तो दाराशी, टोपी मांडीवर घेऊन बसला होता. बळवंतरावांना त्याचा संशय, त्याला मार्ताबाईंचा, आणि दोघांनाही मधे बोलणाऱ्या कुमुदचा. परकी भाषा येणारी बाई नक्की कुणाच्या बाजूची, असं ऑफिसातले लोकही नजरेने विचारत, आणि त्याचा तिला मनस्वी राग येई.

कुंकवाचा करंडा उघडताना कुमुदने आपल्याकडच्या सवयीनं विचारलं, "यजमान बरे आहेत ना?"

मार्ताबाईंचा कप हातातच राहिला. त्या अगदी हळू म्हणाल्या, "माहीत नाही. वसंतात पोलीस त्यांना घेऊन गेले. पुढे काही कळलं नाही."

सचिवाने मान वर केली. त्याने ऐकलं की नाही, समजेना.

"काय म्हणाल्या?" बळवंतरावांनी विचारलं.

खरं सांगावं तर संध्याकाळपर्यंत ते चार टेबलं फिरणार, आणि फुटलं की बाईंचाच गळा धरला जाणार. खोटं बोलावं आणि उघडकीला आलं, तर आपली नोकरी गेलीच.

"मजेत आहेत म्हणाल्या."

"बस? एवढंच? बोलल्या तर बऱ्याच."

"अहो, त्यांच्याकडे लांबण लावून सांगतात!"

मग ती मार्ताबाईंकडे वळली. "कळलं नाही ना? म्हणजे आहेत," तिने त्यांच्या भाषेत ठणकावून सांगितलं आणि कुंकू लावलं. पदर नव्हता, म्हणून बाईंनी करड्या कोटाचं टोक पुढे धरलं. हिरवा खण, नारळ, तांदूळ.

पुढल्या थंडीत शिष्टमंडळ आलं, ते नव्या अर्थमंत्र्यांना घेऊन. सचिव तोच होता. चहाच्या वेळी कुमुदला राहवलं नाही.

"मार्ताबाई कशा आहेत?"

"या नावाच्या कोणी मंत्री नव्हत्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

निघताना त्याने सगळ्यांना भेटी वाटल्या. कुमुदच्या पुडक्यात तोच हिरवा खण होता. तिने घातलेल्या घडीत, आत थोडे तांदूळ. भरलेली ओटी परत करायची नसते, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ही धमकी होती की निरोप, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. पण बाई नाहीत, एवढं तिला कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

बळवंतराव लगेच पुढे आले. "काय दिलंय त्याने?"

"माझ्याच घरचं आहे," कुमुद म्हणाली. तांदूळ सांडू नयेत म्हणून तिने खणाखाली पदर धरला होता.