परत आलेला येसूर

"ठेव गं बाई, तुझा तुझ्यापाशीच," म्हणत कमलबाईंनी येसूरची पिशवी दारातूनच आत सरकवली. उंबरा काही ओलांडला नाही.

"काहून काकू? वास उडालाय का?" रोहिणीनं विचारलं.

"वासाला काय धाड भरलीय? माझं काई न्हाई बाई, मी असलं मानतबी न्हाई. पन आमच्या ह्यांची भावकी लय वंगाळ. तुझा त्यो व्हिडिओ समद्यांनी बघितला. माझ्या प्रियांकाच्या लग्नात पंगतीलाच बसनार न्हाई म्हनायलेत."

लग्नाच्या पंगतीला येसूरची आमटी हवीच. धान्य-मसाले भाजून दळलेला असा येसूर अख्ख्या सेलूत कुणाला जमत नाही, असं गेल्या वर्षी याच कमलबाई सांगत फिरत होत्या. तेव्हा मोबाइलवर 'रोहिणीताईंचा येसूर' एवढंच नाव दिसायचं, कढई दिसायची आणि भाजणारे हात दिसायचे. हातांना आडनाव नसतं.

मग रोहिणीनं एका सरांचा ऑनलाइन क्लास लावला. सर म्हणाले, धंदा कसा उभा राहतोय ते सगळं लोकांना दाखवा. घर दाखवा, माणसं दाखवा, काही झाकू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सरांना ठाऊक नसावं. त्यांच्या मुठीत झाकण्यासारखं होतंच काय? पण बालवाडीची नोकरी सोडून रोहिणी या धंद्यात उतरली होती. तिनं सरांचा शब्द खाली पडू दिला नाही.

दळायची नवी मशीन आली. सासूबाई सरजाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसून बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आणि बटण दाबलं. मशीन घरघरली तशी म्हातारी लहान पोरीसारखी हसली. त्या व्हिडिओतलं काही कापावं असं रोहिणीच्या मनातही आलं नाही. तिनं सगळंच्या सगळं टाकलं. त्या आठवड्यापासून गावातल्या ऑर्डरी आटल्या, आणि ती बापडी नेटवर्कला दोष देत बसली.

कमलबाई गेल्यावर सरजाबाई हळूच म्हणाल्या, "मला काढून टाक त्या मोबाइलातून. मी म्हातारी, दिसले काय न् न्हाई दिसले काय."

"आज तुमाला काढू. उद्या मलाबी काढ म्हनतील, मंग?" रोहिणी फणकारली. तिनं परत आलेली पिशवी मोबाइलपुढं धरली आणि घडलं ते सांगून टाकलं. कमलबाईंचं नाव तेवढं घेतलं नाही.

बघणाऱ्यांचा पूर लोटला. पुण्याहून, नागपुराहून, पार दुबईहून मोबाइलवर लाल बदाम आले. 'ताई, लढा', 'ताई, आम्ही पाठीशी आहोत.' पाठीशी सगळे होते. पावशेर येसूर मात्र कुणालाच नको होता.

सरांचाही फोन आला. "जबरदस्त, ताई! दुःख फार चालतं. रोज थोडं थोडं टाकत जा."

"सर, येसूर कसा खपवू?"

"आधी ऑडियन्स वाढू द्या."

दुसऱ्या दिवशी रोहिणीनं पाकिटं भरली आणि ती देवगाव फाट्यावर जाऊन बसली. एक जीप थांबली. उतरलेल्या बाईनं चिमूटभर येसूर जिभेवर ठेवला आणि तिचा चेहरा खुलला.

"लय झ्याक हाय गं! दोन दे. कुठली तू? आडनाव काय?"

फाट्यावर तिला ओळखणारं कुणी नव्हतं. काहीही सांगितलं असतं तरी खपून गेलं असतं.

"वाव्हळ. सेलूच्या भीमनगरात राहतो आमी."

"बरं बरं," बाई म्हणाली. हातातली पाकिटं तिनं जपून खाली ठेवली. "येताना घेते हं."

जीप निघून गेली. रोहिणीनं दोन्ही पाकिटं पुन्हा रांगेत लावली, आणि पुढची जीप दिसताच उठून उभी राहत मोठ्यानं हाक दिली, "येसूर घ्या, येसूर!"