सातवा अंगठा

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या, दुसऱ्या वर्षाला फील्डवर्कसाठी मला ठमीमावशी मिळाली, तेव्हा वर्गातल्या मुली जळल्या. खाडीकाठच्या तिच्या पाड्यावर एसटी थेट जाते. मावशी घरीच असते, भरपूर बोलते आणि रडतेही वेळेवर. आमच्या कॉलेजने तिच्यावर आधीच सहा विद्यार्थिनी पास केल्या होत्या. मी सातवी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मीच.

मिठागर बंद पडल्यावर मावशीचा नवरा ट्रकवर गेला आणि तिकडचाच झाला. मुलगी कमळ जन्मापासून बहिरी, त्यामुळे बोलणंही नाही. पनवेलच्या बाजूला अशा मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथे शिवण शिकवतात, जाताना मशीनही देतात. अटी दोनच: हातात बहिरेपणाचा सरकारी दाखला हवा आणि सोळा वर्षं पुरी व्हायच्या आत यायला हवं. कमळला डिसेंबरात सोळा पुरी होणार होती. मी गेले ती जुलैत.

पहिल्याच दिवशी मावशीने चटई टाकली आणि म्हणाली, "बस. पयल्यापासून सांगू, का तुला थोडंच पायजे?"

मी संमतीपत्र काढलं. 'आमची माहिती अभ्यासासाठी वापरायला हरकत नाही', एवढाच त्या कागदाचा अर्थ. तो समोरच्याला नीट समजावून सांगायचा असतो. पहिल्या सेमिस्टरला त्यावर दहा मार्कांचा प्रश्नही येतो. पण मला परतीची एसटी गाठायची होती. "कमळच्या कामाचं आहे मावशी, इथे अंगठा द्या," म्हटलं आणि निघाले.

ऑगस्टमध्ये मी माझ्या गाइडना, वल्लरी मॅडमना विचारलं, दाखल्यासाठी कमळला अलिबागच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला घेऊन जाऊ का? मॅडम हसल्या. "मृणाली, आपण त्यांची कामं करायला जात नाही. त्यांना स्वतः उभं राहू दे. तू विचार, ऐक, लिही."

मी मान डोलावली. चौलच्या वाडीत वाढलेली मुलगी मी, मोठ्यांपुढे मान डोलवायला घरीच शिकलेली. मग दर गुरुवारी विचारत राहिले, "दाखल्याचं पुढे काय ठरवलंय, मावशी?" ती ठामपणे सांगायची, "अर्ज दिलाय ना." मी डायरीत लिहिलं: आई जागरूक आहे, स्वतः पाठपुरावा करते. मॅडमनी शेजारी लाल पेनाने 'उत्तम' असा शेरा दिला.

डिसेंबर संपत आला. रिपोर्टला जोडायला त्या अर्जाची पोच हवी होती, म्हणून मी ती मागितली. हो, रिपोर्टला जोडायला. कमळला सोळा पुरी होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

"पोच कंची?" मावशी म्हणाली. "तूच नेलास की कागद. तुझ्या आधीच्या पोरींनीबी नेला. दर वर्साला एक अंगठा."

 ती पुढे सांगत राहिली. "मागं रेवदंड्याला तपासणीचं शिबीर झालं. शेजारची नीराबाई पोराला घेऊन गेली, मलापन बोलवायला आल्ती. मी बोल्ले, आमचा अर्ज अलिबागला हाय, शिकलेल्या पोरी बघतात. मधीच दुसरीकडं कशाला कडमडू?"

 दुसऱ्या दिवशी मॅडमना न विचारता मी कमळला अलिबागला घेऊन गेले. पंधरा दिवसांत दाखला हातात आला. एवढंच काम होतं ते, सात वर्षांचं. मग शाळा गाठली. तिथल्या बाईंनी जन्मतारीख पाहिली, हळहळल्या आणि कागद परत दिले. वरातीमागून घोडं.

मी तडक मॅडमकडे गेले. "ते अंगठे आपणच घेतले, मॅडम. पहिला तर तुम्हीच घेतलात, विद्यार्थिनी असताना; जुन्या रिपोर्टवर तुमचंच नाव आहे."

 मॅडम म्हणाल्या, "हे फार मोठं शिक्षण आहे, मृणाली. रिपोर्टच्या शेवटी घे."

आणि मी घेतलं. लाज वाटते सांगायला, पण घेतलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांचे डोळे पाणावले.

वर्ष संपलं की शेवटची भेट घेऊन, आता आमचं येणं थांबणार, असं सांगायचं असतं. मी गेले. या वेळी सगळं खरं सांगितलं, दाखल्याचं आणि शाळेचंही.

"मंग ते सात अंगठे कशाला व्हते?"

"आमच्या परीक्षेसाठी."

मावशी चटईच्या कडेची काडी मोडत बसली. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"पास झालीस?" तिने विचारलं.

"हो. पहिली आले."

तिने कमळचा खांदा हलवला, माझ्याकडे बोट दाखवलं, हवेत लिहिल्यासारखं केलं आणि एक बोट वर धरलं. कमळला कळलं. तिने हसून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.