पाठीवरचा डाग

स्पिरिटचा बोळा शेवटचा फिरवून काकूंनी पिवळा टी-शर्ट खिडकीपाशी उजेडात धरला. पुढचा चहाचा डाग गेला होता आणि पाठीवरचे काळे फराटेही गेले होते. फराटे भारी चिवट निघाले, पण काकूही काही कमी चिवट नव्हत्या. आपल्या लाँड्रीतून गिऱ्हाईक डाग घेऊन परत गेलं तर नाव बदलेन, असं त्या रोज कुणाला ना कुणाला ऐकवत.

इस्त्रीवर नवरा होता. त्याने टी-शर्ट उलटा केला, सुलटा केला.

"पाठीवरची सही कुठे गेली?"

"कसली सही? मार्करचे डाग होते. काढले."

"अगं, ती बॅडमिंटनच्या चॅम्पियनची सही होती. कोपऱ्यावरच्या आजोबांची बायको त्या सहीसाठी अर्धा दिवस रांगेत उभी होती. तीही गेली आता बिचारी. चहाचा डाग तेवढा काढा म्हणाले होते."

"मग मला सांगायचं नाही?"

"मला काय ठाऊक, तू सहीच धुशील ते?"

काकू मटकन स्टुलावर बसल्या. माणूस गेलं, आणि त्याची उरलीसुरली हौस आपण हौसेने घासून काढली. त्यांना स्वतःचा असा राग आला की तो नवऱ्यावर काढायचंही सुचलं नाही.

चॅम्पियन त्या आठवड्यात गावातल्याच हॉलमध्ये सराव करत होती, एवढं नशीब बरं. संध्याकाळी काकू टी-शर्ट पिशवीत घालून तिथे पोचल्या. पोरांची ही झुंबड. चॅम्पियन हॉलच्या पायरीवर बसली होती. उभी राहिली तर लहानांना मान उंच करावी लागते, म्हणून. घामाने केस कपाळाला चिकटले होते, तरी प्रत्येकाला नाव विचारत होती, आणि एका चिमुरडीला तर ती पुन्हा रांगेत आल्याचं ओळखून हसत हसत दुसरी सही देत होती. काकूंचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. त्यांनी सगळी हकिगत एका दमात सांगितली.

"इथेच करा, होती तश्शी. त्यांना कळायचंसुद्धा नाही."

चॅम्पियनने पाठीवरच्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"मला कळेल ना, काकू. आणि तुम्हालाही."

काकूंनी मान खाली घातली.

"ते कधी येणारेत न्यायला?"

"उद्या सकाळी."

"मग मीही येते. दोघी मिळून सांगू."

मोठ्या माणसांनी 'येते' म्हटलं की आपण 'बघू' असं ऐकायचं असतं, हे काकूंना ठाऊक होतं. पण सकाळी दुकान उघडतंय तोच ती आली. चालत, पायात साध्या चपला, खांद्यावर रॅकेटची बॅग. नवऱ्याने दुकानातली एकुलती एक खुर्ची पुसून दिली, मग पुन्हा पुसली. ती न बसता धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावर टेकली आणि म्हणाली, "खुर्ची आजोबांना लागेल."

आजोबा आले. चॅम्पियनला बघून दारातच थबकले. तिने हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं, आणि काकूंनी डोळे मिटून खरं ते सांगून टाकलं.

आजोबांनी टी-शर्ट हातात घेऊन त्याची पाठ उजेडात धरली.

"ती हा कधी घालायचीच नाही," ते म्हणाले. "सही जाईल म्हणून. परवा घर फार सुनं वाटलं, तर मीच अंगात घातला आणि वर चहा सांडला. तुमच्या आधी चूक माझी."

"आजोबा, नवी सही करू?" चॅम्पियनने विचारलं.

त्यांनी 'नको' अशी मान हलवली.

"सहीसाठी आलीच नव्हती ती. तुम्हाला एक विचारायचं होतं. समोर आली आणि दातखीळ बसली. जन्मभर मला बोलू दिलं नाही, आणि नेमकी तिथे गप्प. घरी येईपर्यंत चरफडत होती."

"मग तुम्ही विचारा."

"सर्व्हिसच्या आधी तुम्ही मान वर करून बघता ना, ते का? ती म्हणायची, पोर आईची आठवण काढते. मी म्हणायचो, काहीतरी खेळातलं असणार, दिवेबिवे बघत असेल. यावरून आमच्यात अबोला झालाय हो, जेवताना."

पोरीने 'आई' म्हणावं, असं काकूंना फार वाटलं. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय जाणार होतं? चॅम्पियनलाही ते सुचलं असावं, कारण ती आधी बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"दिवे बघते, आजोबा," ती हळूच म्हणाली. "शटल उंच आलं की दिवा डोळ्यांत जातो. म्हणून ते कुठे आहेत ते आधी बघून ठेवते."

"दिवे!" आजोबांना हसू फुटलं. "बघा. सगळ्या संसारात पहिल्यांदा मी बरोबर निघालो."

हसता हसता ते सवयीने शेजारी वळले.

"आता हे ऐकवू कुणाला?"

काकू पदराने डोळे पुसू लागल्या. चॅम्पियनने गाठोडं खुर्चीजवळ ओढून घेतलं.

"मला ऐकवा," ती म्हणाली. "त्यांना ऐकवलं असतं, तस्संच."

आजोबा आधी लाजले. मग त्यांनी घसा खाकरला, टी-शर्ट मांडीवर नीट केला, आणि शेजारी बघत ठसक्यात म्हणाले,

"सांगत होतो की नाही? पण या घरात माझं ऐकतं कोण?"