उशीर आधी सांगायचा

पिशवी कोपरात अडकवून, मुठी मिटून ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली. मागून येणाऱ्या नवऱ्याने ते पाहिलं. जन्मभर बस चालवलेला हा माणूस घरात मात्र तिच्या सूचनेशिवाय हलत नसे.

ती बसस्थानकावर उद्घोषक होती. गाडीला उशीर होणार असेल तर प्रवाशांनी विचारायच्या आत सांगायचं, हा तिचा बाणा. त्यापायी तिने साहेबांची बोलणीही खाल्ली होती.

"काही त्रास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! मजेत आहे." आवाज घोगरा निघाला.

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर उलटल्यापासून दोन औषधं एकत्र चालू होती. सलाइनमधलं शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावायचं, गोळ्या गाठीची रक्ताची रसद तोडायच्या. गाठ आक्रसली होती. त्रास सांगितला तर गोळ्याच बंद करतील, या धास्तीने ती मूग गिळून बसली होती.

नवऱ्याला राहवेना. "अगं, गाडीचा उशीर तू कधी लपवलास का?"

तिने डोळे वटारले. मग पिशवी खाली ठेवून दोन्ही तळवे टेबलावर उघडले. लालबुंद, फोड आलेले.

"तळपायही असेच आहेत," स्थानकावरच्या थाटात, न अडखळता ती सांगू लागली. "जुलाब रोज. रक्तदाब चढलेला, आवाज बसलेला. थकवा एवढा, की वेणी घालतानाही मध्येच टेकावं लागतं."

नवऱ्याचा ऊर अभिमानाने भरून आला. हे सांगायला तिला किती जड गेलं, ते त्यालाच ठाऊक.

"बरं झालं बोललात. अंगावर काढलं असतंत तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुलाब कोणत्या औषधाने होतात ते बघू, थायरॉइडही तपासू. गोळ्या थोडे दिवस थांबवू, मग कमी मात्रेने पुन्हा सुरू. कायमच्या बंद नाही करत."

हात जरा बरे झाल्यावर ती कामावर रुजू झाली. नवरा काही काम नसताना स्थानकावर गेला आणि भोंग्याखाली उभा राहिला. घोगरा आवाज आला, गाडी अर्धा तास उशिरा येईल.

"काय आवाज बसलाय हो हिचा!" बाकावरचा प्रवासी कुरकुरला. "येणार का पण गाडी?"

"ती म्हणतेय ना, मग येणार," नवरा मिशीवर हात फिरवत म्हणाला. "बायको आहे माझी."